भिंतीवरचे लाल गोल

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात मी देवणीला घरी होते. आईचा हात मोडला होता, म्हणून संशोधनाचं काम लॅपटॉपमध्ये घालून पुण्याहून आले होते. काम होतं एका तरुण तारकागुच्छातले तपकिरी बटू शोधण्याचं. तारा होण्याइतकं वस्तुमान न जमल्यानं जे कधी नीट पेटलेच नाहीत, असे हे मंद, लालसर गोळे. गुच्छ तरुण असला की ते अजून उबदार असतात, म्हणून सापडण्याची आशा. पण फसगत फार. धुळीच्या ढगामागचा दूरचा तारासुद्धा तसाच मंद, तसाच लाल दिसतो. प्रत्येक ठिपक्यावर संशय घ्यायचा, हेच माझं रोजचं काम.

गुच्छाचा फोटो मोठ्या कागदावर छापून, संशयित ठिपक्यांभोवती लाल गोल करून तो मी पुढच्या खोलीत लावला; दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचा.

उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा बोलवा होती. टँकरवर मला बघून बायका गप्प व्हायला लागल्या. ‘नव्या जिल्ह्याची सरकारी मोजणी करायली,’ असं कानावर आलं. मग माझ्या चुलत्यांच्या बोअरला पाणी लागलं आणि गावाच्या लेखी ते गोल पाण्याच्या जागांचे ठरले.

शेजारचे काका आईला बघायला आले आणि सगळा वेळ भिंतीकडेच बघत बसले. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा ते घाईनं मोबाईल खिशात घालत होते. मला खटकलं.

थोड्याच दिवसांत त्यांच्या शेतात बोअरची गाडी आली. पाणी लागलं नाही, नुसता फुफाटा उडाला. संध्याकाळी ते तसेच धुळीनं माखलेले दारात उभे राहिले.

“खोटा नकाशा लावलीस तू. खरा कुठं हाय?”

त्यांनी मोबाईलवर त्या कागदाचा फोटो दाखवला. तो गावच्या नकाशाशी जुळवून त्यांनी बोअरची जागा धरली होती. 

मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. काही वर्षांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो एकामागून एक दाखवले. “काका, हे आभाळ हाय. गुच्छातले सगळे सोबत सरकतात. हा बघा, जागचा हलला न्हाई. म्हणजे मागचा, परका. याच्यावर माझा लई भरोसा होता. कालच कळलं.”

“म्हणजे तुझंबी चुकलं?”

“हाव.”

“आन् बाकीचे?”

“त्यांच्यावरबी संशय हाय.”

ते पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

आईनं चुलत्यांना सांगून त्यांच्या बोअरचं पाणी काकांच्या घरी सुरू करवलं. उदगीर काही जिल्हा झाला नाही. पुढं त्या ठिपक्यांच्या प्रकाशाचे वर्णपट हाती आले, तेव्हा माझे बहुतेक गोल खोटे ठरले. दोन तेवढे टिकले. त्या आनंदात मी घरी फोन केला. आई म्हणाली, “काका इथंच बसलेत. विचारायलेत, पोरगी नेमकी कोणत्या खात्यात हाय?”