गोधडीखालचा वर्ग

जगातली प्रत्येक वस्तू कुणाला तरी काही समजावून सांगण्यासाठीच जन्माला आली आहे, अशी आमच्या माडीवर राहणाऱ्या मुलीची पक्की समजूत होती. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे हिशेबखाते सांभाळतो, त्यामुळे ‘प्रत्येक’ हा शब्द जपून वापरतो. इथेही जपूनच वापरला आहे. कपड्यांचे चिमटे, डाळिंबाचे दाणे, आमचा कुकर, माझा चष्मा, काहीही तिच्या व्हिडिओतून सुटले नाही. ती पाथर्डीकडची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला नगरला आली आणि सावेडीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिली. वर्गात जे शिकायची ते घरी येऊन मोबाईलसमोर सोपे करून सांगायची आणि त्याचा व्हिडिओ सगळ्यांसाठी यूट्यूबवर टाकायची. तिच्या वर्गातली मुलेही त्यात होती. कुणी चित्रे काढून द्यायचे, कुणी लोकांच्या शंकांना उत्तरे लिहायचे. पण मुख्य कारभार हिचा.

एकदा ऐन एप्रिलात, गच्चीवर पाय टेकवत नव्हता अशा दुपारी, बायको पापड वाळत घालायला वर गेली तर ही खोलीत डोक्यावरून गोधडी घेऊन बसलेली आणि आत पुटपुटणे चाललेले. थंडीताप भरला असे समजून बायकोने काढा केला, मी थर्मामीटर घेऊन जिना चढलो. गोधडी वर झाली आणि घामाने निथळणारा चेहरा बाहेर आला. “काका, खोलीत आवाज लई घुमतो. गोधडीत कसा स्टुडिओवानी येतो!” काढा मात्र तिने पिऊन टाकला, कारण वाया काही जाऊ द्यायचे नाही हा तिचा दुसरा नेम. कुकरची शिट्टी मध्येच वाजली तर ती कापून टाकायची नाही. “बघा, कुकरला बी पटलं,” म्हणून पुढे जायची. व्हिडिओत ती बोलायची तशीच, गावाकडची. कुणीतरी खाली लिहिले, ‘आधी शुद्ध बोलायला शिका.’ हिने उत्तर दिले, ‘शुद्ध बोलले तरी सरासरी तेवढीच येती, दादा.’

प्रमाण विचलन नावाचा प्रकार तिने भाकरीवर शिकवला. शिंप्याकडची टेप आणून तिने आधी माझ्या बायकोच्या भाकऱ्या मोजल्या, मग स्वतः थापलेल्या. तिची एक भाकरी पुरीएवढी, दुसरी तव्याबाहेर लोंबणारी. तरी दोघींची सरासरी जवळजवळ सारखी निघाली. “आता काका, पाव्हणे आले तर कुणाच्या हातची वाढाल?” मी अर्थातच बायकोकडे बोट दाखवले. “का? सरासरी तर सारखीच हाय. हेच ते विचलन. हाताचा भरवसा किती, ते मोजायचं.” आकड्यांत इतकी वर्षे घालवूनही मला ही गोष्ट इतकी चविष्ट कधी लागली नव्हती. उरलेल्या भाकऱ्या, आकाराचा विचार न करता, आम्ही पिठल्याबरोबर खाल्ल्या.

तिचा सगळ्यात विचित्र नियम असा, की विषय न येणाऱ्या माणसाने ऐकून तो आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय व्हिडिओ टाकायचा नाही. हे काम बायकोकडे आले, आणि त्याचे कारण साधे नव्हते. लग्नाआधी अर्धवट सुटलेले बी.कॉम. ती बाहेरून पुरे करत होती आणि नेमका संख्याशास्त्राचा पेपर पुनःपुन्हा राहत होता. मी शिकवायला बसलो की दहा मिनिटांत “अगं, इतकं सोपं आहे!” असे माझ्या तोंडून निघायचे आणि वही मिटायची. या खेपेला परीक्षेला बसणार नाही, पुन्हा फॉर्मही भरणार नाही, असे तिने सांगून टाकले होते. हॉलतिकीट कपाटात पडून होते. वरच्या मुलीचे तंत्र उलटे. दुपारी दोघी जिन्याच्या पायरीवर बसायच्या. काकू अडखळल्या की ती म्हणायची, “मग माझंच सांगायचं चुकलं,” आणि पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्डिंग. आयुष्यभर ‘तुला कळत नाही’ ऐकलेल्या बाईला ही नवलाई होती.

एके दिवशी बायको बहिणीबरोबर शिर्डीला गेली असताना मध्यकाचा, म्हणजे मीडियनचा, व्हिडिओ तयार झाला. फळीवरचे सारखे दिसणारे स्टीलचे डबे मुलीने एकेक वजन करून जागच्या जागी ठेवले, त्यांवर वजनाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि मधला रव्याचा डबा उचलून सांगितले, “हा आपला मध्यक.” परत सांगायला मी होतो. मी न अडखळता सांगितले. व्हिडिओ गेला. संध्याकाळी बायको आली, प्रसादाची पुडी हातात तशीच ठेवून तिने तो पाहिला आणि म्हणाली, “अगं, हे डबे वजनानं कुठं मांडलेत? चहा-साखर गॅसपाशी लागते म्हणून या टोकाला आहे. आधी हलक्यापासून जडापर्यंत लाव, मग मधला उचल. तुझा रवा निघतोय का बघ!”

रवा निघाला नाही, बेसन निघाले. मुलगी कानापर्यंत लाल झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, तुमी तर हिशेबातले ना वो?” मी प्रसाद खाण्यात गुंतलो. मित्रांचे फोन आले, काढून टाक म्हणून. ती ऐकेना. “ऱ्हाऊ द्या. असं चुकणारे लई असतील, त्यांना कामाला येईल.” त्याच्या खालीच दुसरा व्हिडिओ टाकला. त्यात चेहरा नाही, फक्त डबे क्रमाने लावणारे बायकोचे हात आणि आवाज. झाल्यावर ती म्हणाली, “काकू, माझी चूक धरली तुमी. आता पेपराला काय भ्यायचं?”

बायकोने उठून कपाट उघडले.

परीक्षेला बायकोला मुलीनेच स्कूटरवरून नेले. मला ऑफिसला पाठवून दिले. बायको पास झाली. काठावर नाही, चांगल्या गुणांनी. निकालाचा पहिला फोन माडीवर गेला, मला दुसरा आला, आणि हा क्रम मला रास्त वाटतो.

मुलगी आता संशोधनासाठी पुण्याला आहे. तिचे आभार मानायचे राहिले असे मात्र नाही. टेम्पोत सामान चढत असताना मी मानले. “काय काका, परक्यावानी!” म्हणून तिने ते उडवून लावले. वर सध्या एक नोकरदार जोडपे राहते. शांत माणसे आहेत, तक्रारीला जागा नाही. बायकोने एम.कॉम.ला नाव घातले आहे. दुपारी ती जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसते. सुट्टीच्या दिवशी मी सांगून पाहिले, की आत पंखा आहे, उजेडही बरा आहे. पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, “असू द्या हो. इथं लवकर कळतं.”