थोरल्याची कात्री

कापायचं थोरल्याने आणि शिवायचं धाकट्याने, ही त्या दोघा भावांच्या शिंपीकामाची रीत. थोरल्याची नजर अधू झाली, टेपवरचे आकडे धड दिसेनात, तरी कात्री काही सुटेना. भावाचं मन कशाला मोडा, म्हणून धाकटा निमूटपणे शिवणीत आत दाबायचं जादा कापड मोकळं करून आखूड कापलेल्या बाह्या पुऱ्या करी. सात वर्षं हेच चाललं. वर थोरला गिऱ्हाइकांपुढे तोरा मिरवी, "कापणं माझ्याकडून शिकावं. शिलाई तेवढी ह्याची कच्ची."

एका वकिलासमोर त्याने हेच ऐकवलं, तेव्हा धाकट्याचं डोकं फिरलं. वकिलाचा कोट थोरल्याने कापला होता तसाच त्याने शिवला. घालून पाहिला तर बाह्या मनगटाच्या दोन बोटं वर.

वकील कोट टाकून तणतणत गेला. थोरल्याने बाहीला टेप लावून तो डोळ्यांशी नेऊन पाहिला.

"हे कधीपासून?"

"सात वर्षं. तुला वाईट वाटलं असतं, दादा."

"वाटलं असतं. मग चष्मा केला असता. तू मला सात वर्षं वेड्यात काढलंस."

सात वर्षांच्या त्या गप्प राहण्यात भावाची काळजी किती आणि त्याला मनातल्या मनात हसण्याची मजा किती, हे धाकट्याने कधी मापलंच नव्हतं.