महादेवप्पांच्या नावावर उघडलेला अर्ज

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या टॉवेल कारखान्यात गुरुशांत बिराजदारला कुणी नावानं हाक मारत नसे. तो सगळ्यांचा ‘एररवाले साहेब’. कागदपत्रं कॉम्प्युटरवर गेल्यापासून पडद्यावर लाल चौकट आली की माणसं ओके दाबत, पुन्हा दाबत, आणि मग गुरुशांतच्या नावानं ठणाणा करत. तो येऊन पहिला प्रश्न विचारी, “काय लिहिलं होतं?” उत्तर ठरलेलं, “काय की, वाचलं न्हाय.” झालं, याचं डोकं फिरलंच! मैंदर्गीहून शिकायला आलेला आणि शुक्रवार पेठेत बिऱ्हाड केलेला हा माणूस एकेक एरर पोथीसारखी वाचायचा. “माणूस थापा मारतो, मशीन मारत नाही. वाचा की जरा!” हे त्याचं वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं.

एवढा शहाणा, पण एका ठिकाणी त्यानंही शेण खाल्लं होतं. रंगखात्यात पंचवीस माणसं आणि लॉग-इन एकच, महादेवप्पांचं. महादेवप्पा म्हणजे मशीनदुरुस्तीचे जुने मिस्त्री, अठ्ठावन्न वर्षांचे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. पासवर्ड त्यांनी स्वतःच खडूनं भिंतीवरच्या फळ्यावर लिहिला होता. “आपल्यात कसली लपवालपवी? घे की,” म्हणायचे. प्रत्येकाचं लॉग-इन वेगळं करून द्यायचं काम गुरुशांतचं, पण त्यानं कंटाळा केला. त्यामुळं रंगखात्यातल्या कुणीही काहीही केलं तरी पडद्यावर नाव यायचं महादेवप्पांचं.

त्या खात्यात दोन हायड्रो होते. हायड्रो म्हणजे धुतलेल्या टॉवेलांतलं पाणी गरगर फिरवून काढणारं लोखंडी पिंप. झाकण उघडं असताना पिंप फिरू नये म्हणून त्याला एक खटका असतो. दोन्ही पिंपांचे खटके तुटले होते. एकावर सोमलिंग काम करी, दुसऱ्यावर कमलम्मा. सोमलिंगनं दोन्ही खटक्यांचा मिळून एक अर्ज कॉम्प्युटरवर टाकला. मॅनेजरनं अर्ज उघडून मंजूर केल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा होता. आणि मॅनेजर अर्ज उघडायला गेला की एरर येई. अकरा दिवस त्या माणसानं रोज ओके दाबलं आणि चहा मागवला. ना वाचलं, ना गुरुशांतला कळवलं.

बाराव्या दिवशी सकाळी दहाला सोमलिंग पिंपातला गोळा झालेला टॉवेल सरळ करायला वाकला. पिंपानं त्याचा उजवा हात ओढला, पिळला आणि कोपरापासून उपटून नेला. पांढरे टॉवेल लाल होऊन फिरत राहिले. सोमलिंग मटकन खाली बसला. महादेवप्पांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या दंडाला आवळला, त्याला पाठीवर घेऊन गेटपर्यंत पळत नेलं आणि रिक्षात घालून दवाखाना गाठला. तुटलेला हात मागाहून पोत्यात घालून पाठवावा लागला.

दुपारी एकला सोमलिंगचा बसू नावाचा मेहुणा दोन टेम्पो भरून माणसं घेऊन आला. वॉचमनच्या डोक्यात पहिला दगड बसला, मग ऑफिसच्या काचा गेल्या. मॅनेजर मागच्या दारानं पसार झाला. सापडला तो गुरुशांत. बसूनं त्याची मान धरून त्याचं तोंड पडद्यावर आपटलं. नाकातून रक्त आलं.

“माझ्या दाजीनं अर्ज दिलता का न्हाय?”

“दिला होता.”

“मग कुणी दाबला? काढ त्यो. आमच्या म्होरं वाच!”

गुरुशांतनं अर्जावर क्लिक केलं. लाल चौकट आली. कसली चौकट आहे हे त्याला कळलं होतं, जीभ आवरता आली असती. पण मानेवर काठी होती. तो भ्याला होता, आणि आपलं नाव त्यात नाही याचं त्याला बरंही वाटलं. त्यानं मराठी करून मोठ्यानं वाचलं, “हा अर्ज महादेवप्पांनी उघडून ठेवला आहे. ते बंद करीपर्यंत दुसऱ्या कुणालाही उघडता येणार नाही.”

“कोन महादेवप्पा?”

महादेवप्पा नेमके दवाखान्यातून परत येऊन दारात उभे होते. सदरा सोमलिंगच्या रक्तानं भिजलेला. “मी हाय की,” म्हणाले, “काय झालं?”

पहिली काठी त्यांच्या जबड्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज खोलीभर आला. मग लाथा सुरू झाल्या, पोटात, पाठीत, तोंडावर. म्हातारा डोकं झाकून “येन आयतप्पा, येन आयतु,” काय झालं बाबा, काय झालं, एवढंच कन्नडमध्ये विचारत राहिला.

गुरुशांतची नजर परत पडद्यावर गेली. चौकटीत खाली आणखी एक ओळ होती. संगणक क्रमांक सात. मंगळवार, अकरा चाळीस. सात नंबर त्याचा स्वतःचा होता. त्याला सगळं आठवलं. मागल्या आठवड्यातल्या त्या मंगळवारी सोमलिंगचा अर्ज पुढं जात नव्हता, म्हणून यानंच महादेवप्पांच्या नावानं आत शिरून तो उघडला, नीट केला, आणि तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन आला म्हणून तसाच टाकून उठला होता.

“त्यांनी नाही! मी! मी उघडा ठेवला!” तो ओरडत सुटला आणि म्हाताऱ्याच्या अंगावर आडवा पडला.

“नाव ह्येचं हाय की तितं! तूच वाचलास न्हवं?” बसू म्हणाला, आणि पुढची काठी गुरुशांतच्या हातावर बसली. दोन बोटं मोडली. पोलीस येईपर्यंत त्यांचं थांबलं नाही.

संध्याकाळी बोटांना पट्टी बांधून गुरुशांत वॉर्डात गेला. सोमलिंग आणि महादेवप्पा शेजारच्या खाटांवर होते. पोलिसांनी पाच-सहा जणांना गाडीत घातलं होतं, बसू निसटून दाजीपाशी येऊन बसला होता. गुरुशांतनं त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, संगणक क्रमांक सात, मंगळवार, फोन. बसूनं ऐकून घेतलं आणि कानाखाली अशी ठेवून दिली की गुरुशांत खाटेच्या दांडीवर आदळला. त्याला ती हवीच होती. आणखी चार बसल्या असत्या तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं.

महादेवप्पांचा जबडा बांधलेला, एक डोळा मिटलेला. त्यांनी हात हलवून त्याला जवळ बोलावलं. दातांतून कसेबसे शब्द आले.

“त्यो अर्ज... बंद केलास का?”

गुरुशांतनं तो अजून बंद केला नव्हता. पोलिसांनी सील लावलं होतं ते फक्त सोमलिंगच्या मशीनला. दुसऱ्या पिंपाचा खटका तसाच तुटलेला होता, आणि कमलम्माची दुसरी पाळी कधीच सुरू झाली होती.

डाव्या हातानं त्यानं रंगखात्यात फोन लावला. मागं घरघर ऐकू येत होती.

“कमलम्मा कुटं हाय?”

“हायड्रोवर हाय की. टॉवेल भरतीय.”

“मेन स्विच पाड! पाड आधी! कुणाला इचारू नको, पाड!” सगळा वॉर्ड त्याच्याकडं बघू लागला. बसूही उभा राहिला.

फोनमधली घरघर खाली खाली येत थांबली. मग लांबून कमलम्माचा वैतागलेला आवाज आला, “काय रं, लाईट गेली व्हय?”