डोहाळजेवणाचे अडकलेले फोटो

आपल्या माणसाने पुढे केलेला कागद वाचत बसणं आमच्यात उद्धटपणाचं समजतात. माझ्या डोहाळजेवणाला आलेला फोटोग्राफर साताऱ्याचा निघाला, तेवढ्यावर मी निर्धास्त झाले. "ताई, फॉरमॅलिटी आहे नुसती. आपल्यात काय वाचायचं?" तो म्हणाला, आणि इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीच्या घराच्या दारातच, हिरव्या साडीत, मी सही ठोकली. वर त्याने सगळ्यांना फोन आत ठेवायला लावले.

स्वारी आली होती दोन तास उशिरा. मी पडले पुण्याची, खरं बोलायची खाज भारी. ऑनलाइन तीन स्टार देऊन लिहिलं, "फोटो काढतात छान. वेळेशी मात्र वैर आहे."

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "कलम अकरा वाचा." ग्राहकाने वाईट अभिप्राय लिहिला, तर फोटो देणं स्टुडिओवर बंधनकारक नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मग रडूच आलं. आई पुण्याहून तेवढ्यासाठी येऊन परत गेली होती, आणि तिच्या गुडघ्यांना पुन्हा एवढा प्रवास झेपणार नव्हता. माझी ओटी भरतानाचा तिचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता.

आमच्या मागच्या खोलीत तेव्हा लिस्बनची एक वकीलबाई राहायची. क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती. तिने कागद वाचला आणि पुरणपोळी दिसावी तशी खूश झाली. "क्लाउझुला अबुझिवा!" म्हणजे अन्यायकारक अट. करारात 'बोआ फे' लागते, म्हणाली, म्हणजे नेकी, आणि ती दोन्ही बाजूंनी. तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांनाही तिच्याकडे खास नाव होतं, 'लेत्राश मिउदिन्याश'. इथला कायदाही असल्या एकतर्फी अटी खपवून घेत नाही, असं सांगून तिने मला पत्र लिहायला बसवलं. सुरुवातीला मी "डिअर दादा" लिहिलं. ते तिने खोडलं. भीड भिकेची बहीण, हे तिला पोर्तुगीजमध्येच कळलेलं असावं.

तीन दिवसांत फोटो आले. ओटीचे सगळे होते. पण पहिलाच होता दारातला, त्याने कॅमेरा तपासायला सहज काढलेला. त्यात मी त्याच्याकडे बघून हसत सही करतेय. शेजारी आई एका हाताने चष्मा सावरत कागदाचा तळ वाचतेय, आणि तिच्या दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरलंय.

तो हात मला आठवतच नाही.