रादोस्तिनाचा नवा पाहुणा

रादोस्तिना आमच्या प्लोव्दिव शहरातल्या इमारतीत शिवणकाम करते. तिने साप पाळायला आणला, तेव्हा सगळे शेजारी बघायला लोटले. तिने आम्हाला चीज भरलेली गरम बानित्सा खाऊ घातली, पण सापाच्या पेटीवरचा टॉवेल काही काढला नाही.

"नवी नवरी आणलीस की काय, तोंड झाकून ठेवायला?" तिचा नवरा झेल्याझ्को म्हणाला.

"घाबरलाय रे तो. आधी रुळू दे."

अंगावर किडे असले तर दिसावेत म्हणून पेटीत तिने मुद्दाम पांढरा कागद अंथरला होता. त्यावर काळे ठिपके वळवळताना दिसले, तशी तिने सापाला तडक डॉक्टरांकडे नेलं. त्याच्या अंगावर किडे झाले होते. ती रोज औषध लावायची, कागद बदलायची, एरवी मात्र मन आवरून त्याला हातही लावायची नाही.

किडे गेले आणि आल्यापासून उपाशी असलेल्या सापाने एका सकाळी तिने ठेवलेला उंदीर गिळला.

"खाल्लं गं त्याने!" ती जिन्यातून मला ओरडून सांगत होती. एवढ्या धीराचं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.