दचकवणारी अंगाई

गल्लीत तिला सगळे हळूबाई म्हणत. आणि तिचा स्वतःचा आवाज असा, की नवऱ्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीतून तिने त्याला हाक मारली तर कोपऱ्यावरची चार माणसं ‘ओ’ देत. नाव पडलं होतं धंद्यावरून. गाण्याच्या कंपन्यांनी रेकॉर्डिंगमधला चढउतार दाबूनदाबून सगळा आवाज इतका मोठा केलेला असे, की कुजबूज आणि आरोळी एकाच मापाची होऊन जाई. हळूबाई त्यातलं हळू पुन्हा हळू करी आणि मोठं पुन्हा मोठं. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, असं ती स्वतःच सांगत फिरे. वर पंचाईत अशी, की ते खरंच होतं.

एका दुपारी एक तरुण बाप आला. त्याची आई गायिका होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिच्याकडे नुसती कुजबूज उरली होती, आणि तिच्या गाण्यांपैकी ही एकच अंगाई बाजारात आलेली.

“माझ्या मुलीला ती लावली, की झोपलेलीसुद्धा दचकून उठते,” तो म्हणाला. “आई म्हणते, पुसून टाक. नातीला आजी कळावी ती अशी ओरडणारी नको. मूळ टेप कधीच हरवली. तुमच्याकडून झालं तर बघा, नाहीतर पुसतोच.”

“पुसतोस कसा तेच बघते!” हळूबाई कडाडली. “पुढच्या आठवड्यात आईला घेऊन ये.”

दाबताना कापली गेलेली आवाजाची टोकं संगणक अंदाजाने उभी करतो. त्यात काही मोठंसं नाही. पण कुठली ओळ किती हळू होती, हे त्या बापड्या यंत्राला कोण सांगणार? हळूबाई ते ओळीआधी घेतलेल्या श्वासावरून ओळखी. कंपनीने श्वासही गाण्याइतकेच मोठे करून ठेवले होते, पण त्यांची लांबी कुणाला बदलता आली नव्हती. लांब श्वास म्हणजे पुढे आवाज भरून येणार. चिमूटभर श्वास म्हणजे ओळ ओठांतल्या ओठांत. खिडकी लावून, खाली नवऱ्याला हातोडी उचलायची बंदी करून, एकेक ओळ तिने हाताने खालीवर केली. शेवटच्या ओळीआधी तर श्वास जवळजवळ नव्हताच.

ठरल्या दिवशी मायलेक आले. आईच्या गळ्याभोवती रुमाल होता. मुलाने आधी जुनं ऐकलं, मग नवं, आणि ओशाळून म्हणाला, “खरं सांगू? जुनंच बरं वाटतंय. हे जरा मिळमिळीत झालंय.”

आईचा चेहरा पडला. पुसून टाक, अशी तिने हातानेच खूण केली.

“थांबा!” हळूबाई म्हणाली. “मोठं ते गोड, ही कानांची जुनी खोड आहे. सगळे इथेच फसतात.” तिने जुन्याचा आवाज उतरवून नव्याच्या बरोबरीला आणला. “आता भिंतीकडे तोंड कर. कुठलं कुठलं ते सांगणार नाही.”

पहिलं वाजलं ते पत्र्यावर बडवल्यासारखं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एकसारखं. दुसऱ्यात गाणारी आधी लांब होती, मग अगदी जवळ आली.

“दुसरं,” तो भिंतीलाच म्हणाला. “दुसरंच. परत लावा ना.”

या वेळी तो यंत्राशेजारी बसला. शेवटची ओळ आली, बारीक होत गेली, आणि सवयीने त्याचा हात आवाज वाढवायला पुढे सरला. आईने फाडकन त्या हातावर चापट मारली. मग हळूबाईकडे बघून तिने तळवा खाली दाबला. अजून हळू.

हळूबाईचं काम आजवर कुणी सुधारलं नव्हतं. तिने मुकाट्याने आवाज उतरवला. तळवा पुन्हा खाली गेला. तिने आणखी उतरवला. आता ओळ ऐकायला तिघांनाही पुढे वाकावं लागलं.

“अशीच,” आई कुजबुजली. मुलगा तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होता. “रेकॉर्डिंगला तुला घेऊनच गेले होते. या ओळीला तू माझ्या मांडीवर झोपलास. मग मोठ्याने कशी गाणार?”

त्याने ती ओळ पुन्हा लावली, तेवढीच हळू.

“पुसू नकोस,” आई म्हणाली. “आज नातीला लाव.”