पावशेर आप्पा

आप्पांनी आयुष्यात कुणाला कुठलीही गोष्ट पूर्ण सांगितली असेल, असं मला वाटत नाही. ते पाव सांगायचे. उरलेली पाऊण दुसऱ्या कुणाला सांगितली असेल, असं समजून आपण त्या दुसऱ्याकडे जावं, तर तोही हातात पाव घेऊन आपल्याकडेच यायला निघालेला असायचा. म्हणून आम्ही कारागीर त्यांच्या पाठीमागे त्यांना पावशेर आप्पा म्हणायचो. नवा माणूस या नावाचा भलताच अर्थ काढायचा आणि संध्याकाळी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला हळूच जवळ सरकायचा. आप्पा बिचारे चहासुद्धा बशीभरच घ्यायचे.

आप्पा म्हसावदचे पाटील. घरची जमीन भावांवर सोपवून ते तरुणपणीच बाहेर पडले आणि सैन्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं बांधून देणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरीला लागले. बांधून म्हणजे भिंती-छत नव्हे. ज्या खोलीत बसून साहेब लोक गुपितं बोलतात, ती खोली आतून सजवायची आणि बाहेरून बहिरी करायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आले, तर आपल्याच जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीत तसली एक कंपनी येऊन बसली आणि आप्पांचा पंचा पुन्हा खुंटीला आणि पँट पुन्हा अंगाला लागली.

माणसं शोधत ते तळोद्याला आमच्या दुकानात आले. अब्बांच्या वेळेपासून आमचं फर्निचरचं काम. मी फळीवर रंधा मारत होतो. आप्पा बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ते लाकडाची चौकशी करतील.

"हात चालस ते दिखी ऱ्हायनं," ते म्हणाले. "तोंड कितलं चालस ते सांग."

मी गोंधळून गप्प बसलो. तेवढ्यावर त्यांनी मला कामाला घेतलं. पुढे त्यांना कळलं की मी भरपूर बोलतो, पण तोवर माझ्या ताब्यात पाव नकाशा आलेला होता आणि मला सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पाव नकाशा म्हणजे खरोखरीच पाव. आप्पा मूळ कागद कुणाला दाखवत नसत. माझ्या हाती भिंती आणि दारं, इलेक्ट्रिशियनच्या हाती वायरी, छतवाल्याच्या हाती छत. कुणाचं कुणाला ठाऊक नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर: "ज्याले जितलं लागस, तितलंच त्याले सांगनं." त्यामुळे व्हायचं काय, की मी भिंत उभी करून घाम पुसतोय, तोवर इलेक्ट्रिशियन येऊन कपाळाला हात लावायचा, कारण त्याच्या कागदावर तिथं भिंतच नसायची. एकदा रंगाऱ्यानं एक खोली दोन हात देऊन सुंदर रंगवली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ती छतापासून जमिनीपर्यंत पाट्यांनी झाकून टाकली. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आप्पांना म्हटलं, हे सगळं एका कागदावर काढून भिंतीला चिकटवा की. तर म्हणाले, "चोर कुलूप तोडस नही रे. चार जनास्ना तोंडमधून नकाशा गोळा करस." हे ऐकायला फार शहाणपणाचं वाटायचं. घरी जाताना मात्र प्रश्न पडायचा, की चोराला नकाशा मिळू नये हे खरं, पण सुताराला मिळायला काय हरकत आहे?

कंपनीचे सुरक्षा अधिकारी एकदा काम बघायला आले. सैन्यातून निवृत्त झालेले, मिशा कडक. फिरता फिरता त्यांनी मला हळूच विचारलं, "भाई, टॉयलेट किधर है?" मी इतके दिवस तिथं राबत होतो, पण टॉयलेट माझ्या पावात नव्हतं. मी कानकोंडा होऊन छतवाल्याकडे पाहिलं. त्यानं इलेक्ट्रिशियनकडे. साहेबांना राग येईल असं वाटलं होतं, तर ते खूश होऊन आप्पांच्या पाठीवर थाप मारून गेले. कुठं गेले ते मला माहीत नाही.

या सगळ्या कामात आप्पांचा जीव होता तो आवाजावर. भिंत छतापाशी थांबवलेली त्यांना चालायची नाही, खोट्या छताच्या वर थेट स्लॅबला नेऊन भिडवायला लावायचे. वर कोण बघतंय, असं मी एकदा म्हणालो. "आवाज उंदीरसारखा शे," ते म्हणाले, "बोटभर फट दिखनी का घुसना." दोन पाट्यांच्या मध्ये आवाज गिळणारी खनिज लोकर दाबून भरायची, ती अंगाला अशी खाजायची की रात्री बायको मला ओसरीवर झोपायला लावायची. सगळं झालं की आप्पा उदबत्ती पेटवून दाराच्या कडेकडेनं, भिंतीच्या सांध्यांवरून फिरायचे. धूर सरळ वर गेला तर ठीक. कुठं वाकला, की तिथं फट. लगेच मला हाक. कंपनीच्या लोकांना वाटायचं, म्हातारा वास्तुपूजा करतोय. एकानं तर चपला काढून हात जोडले होते.

शेवटची परीक्षा म्हणजे आप्पा स्वतः आत जाऊन दार लावून घ्यायचे आणि मोठ्यानं पावकी म्हणायचे. शाळेत असताना पाठ केलेली, एक पाव पाव, दोन पाव अर्धा, अशी. मी बाहेर दाराला कान लावून उभा. काही ऐकू आलं नाही, की पास. पाव पाव करत जगणाऱ्या माणसानं पावकीच म्हणावी, याचं आम्हाला फार हसू यायचं. ते हसू मात्र त्यांना ऐकू जायचं नाही, ही त्या भिंतीची दुसरी बाजू.

धंद्यातली ही खोड घरी न्यावी, यात मात्र हद्द झाली. त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडववाल्याला शेत सांगितलेलं, पण वेळ नाही. बँडवाल्याला वेळ सांगितलेली, पण घर नाही. स्वयंपाक्याला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी किती माणसांची करायची ते सांगितलेलं, जागा नाही, म्हणून त्यानं आपल्या बुद्धीनं शाळेच्या पटांगणात चुली पेटवल्या. बँड दुसऱ्याच पाटलांच्या दारात वाजायला लागला. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. त्यांनाही वाटलं, आपल्या जावयानं हौस केली असेल, आणि ते नाचले. गावभर माणसं एकमेकांना शोधत पळत होती आणि आप्पा फेटा बांधून मांडवात शांत बसलेले. आक्का, म्हणजे त्यांची बायको, रडकुंडीला आलेली. आप्पा तिला म्हणाले, "ज्याले त्याले ज्यान्हं त्यान्हं माहित शे. कसाले घाबरस?" आणि नवल म्हणजे लग्न मुहूर्तावर लागलं. कसं लागलं, हे आजही मला उलगडलेलं नाही. मी त्या लग्नात पानांच्या विड्यांचा प्रमुख होतो, मला फक्त विडे माहीत.

मग आप्पा सुरतेला जायला लागले. आमच्याकडे कुणाचं काही मोठं दुखलं की माणूस सुरतेला जातो. त्यामुळे मी विचारलं. "डोया दखाडाले जास," म्हणाले. मला ते पुरलं. नवा चष्माही लावून आले होते. कंपनीत तेव्हा शेवटची आणि सगळ्यांत मोठी खोली चालू होती आणि आप्पांची पँट कमरेला गोळा व्हायला लागली होती. शिडीवर चढताना मध्येच थांबायचे. वय झालं, असं म्हणून मी लोकर भरत राहायचो.

इदेचा शीरखुर्मा घेऊन मी म्हसावदला गेलो, तेव्हा आप्पा घरी नव्हते. आक्कांना विचारलं.

"सुरतले गयात," आक्का म्हणाल्या. "तुमना काममाच ना? काच आनी कड्या लेवाले जातस."

"काच?" मी म्हणालो. "माले तं म्हनेत, डोया दखाडाले जास."

आक्कांनी हातातला डबा खाली ठेवला. तिथूनच पुण्याला मुलाला फोन लावला. त्याला सांगितलेलं, गुडघा दुखतो, सुरतेला चांगला डॉक्टर आहे. आम्ही तिघं फोनवर एकमेकांना तेच तेच पुन्हा विचारत राहिलो. गंमत अशी, की यातलं एकही खोटं नव्हतं. कड्या खरोखर आल्या होत्या, चष्मा नाकावर होता आणि गुडघ्याचा पट्टा खुंटीला लटकत होता. तीन पाव खरे. चौथा कुणाकडेच नव्हता आणि आता आम्हाला तोच हवा होता, कारण माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. आक्का म्हणाल्या, "माले नहीत सांगाव. तू इचार, रफिक. तुन्हावर त्यास्ना जीव शे."

खोलीच्या परीक्षेच्या दिवशी मी आप्पांची वाट अडवली. उदबत्ती फिरवून झाली होती, धूर सगळीकडे सरळ गेला होता. अशी भिंत मी त्याआधी केली नव्हती. आप्पांनीही दोनदा हात फिरवून पाहिला होता.

"आप्पा, आज पाव नही, माले बठ्ठं सांगा," मी म्हणालो. "सुरतले कसाले जातस?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते. "टेस्ट व्हऊ दे," ते म्हणाले. "मंग सांगसू."

ते आत गेले. दार लागलं. मी कान लावला. पावकीला लागतो तेवढा वेळ गेला. मग आणखी एका पावकीचा गेला. मला वाटलं, निमकी सुरू केली असेल, मग पाऊणकी. आत काही पडलं-झडलं तर नाही ना, म्हणून मी दारावर थापा मारल्या, पण मीच केलेल्या दारातून थापा आत जाणार कशा? माझं मलाच हसू आलं आणि भीतीही वाटली. शेवटी दार उघडलं. आप्पा चष्मा सदऱ्याला पुसत बाहेर आले. चेहरा असा हलका, जसा बाजारातून ओझं घरी आणून टाकल्यावर माणसाचा होतो.

"काय ऐकू उनं?"

"काहीच नही, आप्पा."

"काहीच नही?"

"नही."

"मंग पास," ते म्हणाले आणि चपला घालायला लागले.

"आते सांगा ना," मी म्हणालो.

"सांगं ना मी," आप्पा म्हणाले. "आत्तेच तं सांगं. बठ्ठं सांगं तुले."

सांगितलं म्हणे, त्या बंद दाराआड! चेष्टा करतात म्हणावं, तर चेष्टा त्यांनी कधी केली नव्हती. मागे धावून विचारलं, विनवलं, रागावलोसुद्धा. ते जीपमध्ये बसून निघून गेले. नंतर त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना घेऊन सुरतेला गेला, तेव्हा पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांकडून कळलं. डॉक्टर म्हणाले, आता फार उशीर झालाय. आप्पा त्याच आठवड्यात गेले.

मी म्हसावदला गेलो तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती. आक्कांनी मला आत बोलावलं. फोटोसमोर उदबत्ती लावलेली. सवयीनं माझी नजर धुरावर गेली. तो दाराकडे वाकत होता. मुलगाही येऊन बसला. दोघं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी काही घेऊन आलोय.

"जावाना आधला दिन मी त्यासले इचारं," आक्का म्हणाल्या. "इतला दिन मन्हापासून कसाले लपाडं? मन्हासाठे काही सांगनं शे का? तं म्हनेत, रफिकले बठ्ठं सांगेल शे. त्याले इचार." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "काय सांगं त्यासनी तुले?"

काहीतरी रचून सांगावं, असं क्षणभर वाटलं. तुमचं नाव घेतलं म्हणावं, शेत कुणी करायचं ते बोलले म्हणावं. पण मला ते जमलं नाही. मी जे घडलं ते सांगितलं. खोली, दार, लागलेला वेळ, पुसलेला चष्मा. आप्पा सगळं बोलले, आक्का, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

आक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"भिंत चांगली करी रे भाऊ तुनी," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी घरी येईपर्यंत एकच विचार करत होतो, की त्या एका भिंतीत, कुठल्यातरी एका कोपऱ्यात, लोकर जरा कमी दाबली असती तर काय बिघडलं असतं? सैन्याचं कुठलं गुपित त्या बोटभर फटीतून जाणार होतं? पण फट ठेवली असती, तर आप्पांची उदबत्ती तिथं वाकली असती आणि त्यांनी मला हाक मारून ती बुजवायला लावली असती. आणि फट असलेल्या खोलीत ते बोललेच नसते.

आता ती कामं माझ्याकडे येतात. पूर्ण नकाशा माझ्याकडे असतो आणि मी तो सगळ्यांना दाखवतो, टॉयलेटसकट. उदबत्ती मात्र फिरवतो. शेवटी इलेक्ट्रिशियनला बाहेर उभा करतो, आत जातो आणि दार लावून घेतो. पावकी मला येत नाही. म्हणून मी मोठ्यानं विचारतो, "आप्पा, त्या दिनले काय सांगं तुमी?" थोडा वेळ थांबतो. मग दार उघडतो, तर बाहेर इलेक्ट्रिशियन मान हलवत उभा असतो. म्हणतो, काहीच ऐकू आलं नाही, रफिकभाई. पास.